नळाला हात दिसतो का?

विमानतळावरच्या, मोठ्या मॉलमधल्या किंवा नव्या कार्यालयीन इमारतीतल्या स्वच्छतागृहात एक दृश्य हमखास पाहायला मिळते. चांगला शिकलासवरलेला माणूस बेसिनपुढे उभा असतो आणि नळाखाली हात हलवत असतो. आधी सावकाश, मग जोराने, मग आरती ओवाळावी तसे गोल गोल. पाणी येत नाही. तो शेजारच्या नळाकडे सरकतो, तोच आधीचा नळ समोर कोणी नसताना वाहू लागतो. माणूस जरासा ओशाळतो आणि आपलेच काही चुकले असावे अशा समजुतीने निघून जातो.

परीक्षण पुस्तकांचे करतात, नाटक-सिनेमांचे करतात. रोजच्या वापरातल्या वस्तूंचे परीक्षण करण्याची पद्धत आपल्याकडे फारशी नाही. म्हणून या वेळी आम्ही स्पर्शाविना चालणारा हा नळ परीक्षणासाठी घेतला आहे. त्याच्यासंबंधी तीन दावे केले जातात. नळाला हात लागत नाही म्हणून रोगजंतू पसरत नाहीत. हात काढताच नळ बंद होतो म्हणून पाणी वाचते. आणि पिरगळण्याची, दाबण्याची गरज नाही म्हणून तो सर्वांना वापरता येतो. तिन्ही दावे ऐकताक्षणी पटतात. ऐकताक्षणी पटणारे दावेच तपासून पाहायचे असतात, हे विज्ञान शिकवणाऱ्यांना आम्ही वेगळे सांगायला नको.

नळ काय मोजतो?

नळाच्या मानेवर किंवा बुडाशी एक लहानशी काळपट काच असते. तिच्यामागे दोन वस्तू शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. एक प्रकाश देणारा डायोड आणि दुसरा प्रकाश टिपणारा. प्रकाश अवरक्त असतो, साधारण ८५० ते ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा. आपल्या घरातल्या टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तोच. काच आपल्याला काळी दिसते, पण या किरणांना ती पारदर्शक असते. डायोड सतत पेटलेला नसतो. सेल लवकर संपू नयेत म्हणून तो सेकंदातून काही वेळाच, तेही क्षणभर लुकलुकतो. समोर काही असेल तर थोडा प्रकाश उलटून येतो. उलटून आलेला प्रकाश ठरवून दिलेल्या एका मर्यादेपेक्षा जास्त असला की नळातील विद्युतचुंबकीय झडप उघडते.

म्हणजे नळाला हात दिसत नाही. त्याला एक आकडा मिळतो आणि तो आकडा उंबरठ्याच्या वर आहे की खाली, एवढेच त्याला कळते. हात, बाही, पिशवी, स्टीलच्या बेसिनवरची चमक, काचेवर लोंबणारा पाण्याचा थेंब, या सगळ्यांची त्याच्या लेखी एकच भाषा आहे. या नळाचे सगळे गुण आणि सगळे अवगुण या एका गोष्टीतून निघतात.

आता हा आकडा कशाकशावर अवलंबून असतो ते पाहू. पहिली गोष्ट अंतर. हाताने झोताचा बहुतेक भाग अडवला असेल, तर परत येणारा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई. दुसरी गोष्ट म्हणजे समोरच्या पृष्ठभागाची परावर्तनक्षमता. असे संवेदक बनवणाऱ्यांच्या माहितीपत्रकात टीप असते, की अमुक अंतराचा पल्ला ९० टक्के परावर्तन करणाऱ्या पांढऱ्या पुठ्ठ्यासाठी आहे. काही प्रामाणिक माहितीपत्रके १८ टक्के परावर्तनाच्या करड्या पुठ्ठ्यासाठीचा आकडाही देतात. छायाचित्रकार वापरतात तोच हा करडा पुठ्ठा. दोन्हींच्या परावर्तनात पाचपट फरक आहे. पाचाचे वर्गमूळ सुमारे २.२४. म्हणजे पांढऱ्या पुठ्ठ्याला १५ से.मी.वरून ओळखणारा संवेदक करड्या पुठ्ठ्याला ६.७ से.मी.वर आल्याखेरीज ओळखणार नाही. नळाच्या खोक्यावर मात्र 'पल्ला १५ से.मी.' एवढेच छापलेले असते. पुठ्ठ्याची गोष्ट छपाईत कुठेतरी गळून पडते.

तिसरी गोष्ट बेसिनची. हात नसतानाही बेसिनकडून प्रकाश परत येतच असतो. एक सोपे गणित वर्गात करून पाहण्यासारखे आहे. पांढरे चिनीमातीचे बेसिन ८० टक्के प्रकाश परत पाठवते आणि ते संवेदकापासून ३० से.मी. अंतरावर आहे असे धरू. ८० भागिले ९०० म्हणजे ०.०८९. हात ५० टक्के परावर्तन करतो आणि १२ से.मी.वर आहे, तर ५० भागिले १४४, म्हणजे ०.३४७. बेसिनच्या जवळजवळ चौपट. नळ निःशंकपणे उघडेल. पण हात २० से.मी.वर राहिला, तर ५० भागिले ४००, म्हणजे ०.१२५. फरक आता दीडपटही नाही. आणि हा हात लहान मुलाचा असेल आणि झोताचा निम्माच भाग अडवत असेल, तर हाताकडून ०.०६२ आणि उघड्या राहिलेल्या बेसिनकडून ०.०४५, मिळून ०.१०७. रिकाम्या बेसिनपेक्षा जेमतेम वीस टक्के अधिक. उंबरठा बेसिनच्या दीडपट ठेवला असेल, तर या मुलाचा हात नळाच्या दृष्टीने नाहीच. मुलाने ताटकळत हात हलवत राहावे आणि मागच्या मोठ्या माणसाने पुढे होऊन एका क्षणात पाणी आणावे, याचे कारण या चार ओळींच्या भागाकारात आहे. (आकडे आम्ही सोयीसाठी धरले आहेत. आपापल्या बेसिनचे अंतर मोजून गणित पुन्हा मांडावे.)

स्टीलच्या चकचकीत बेसिनला हे गणितही लागू पडत नाही. ते आरशासारखे वागते. योग्य कोन साधला की सगळा झोत थेट परत, नाहीतर जवळजवळ काहीच नाही. कोणी नसताना वाहणारा नळ बहुधा अशा बेसिनवर असतो.

काळे म्हणजे काळेच का?

इथे एक समजूत दुरुस्त करायला हवी. काळी वस्तू प्रकाश शोषते म्हणून नळ काळ्या बाहीला ओळखत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. पण काळी कोणाला? आपल्या डोळ्यांना. कापडाला काळा रंग देणारी अनेक रंगद्रव्ये दृश्य प्रकाश शोषतात आणि अवरक्त प्रकाश मात्र सोडून देतात. असे काळे सुती कापड नळाच्या डोळ्याला चक्क उजळ दिसते. याउलट काजळीचा काळा रंग दोन्हींकडे काळाच असतो, कारण कार्बन सगळ्याच तरंगलांबी शोषतो.

हे पाहायला नळ लागत नाही. टीव्हीचा रिमोट पुरे. रिमोटच्या तोंडावर जाड कागदाची सुरळी बसवावी, म्हणजे झोत इकडेतिकडे पसरणार नाही. टीव्हीकडे पाठ करून रिमोट एका पुठ्ठ्यावर रोखावा आणि पुठ्ठ्यावरून परतलेल्या किरणांनी टीव्ही चालू होतो का ते पाहावे. मग पुठ्ठ्याच्या जागी पांढरा कागद, वेगवेगळी काळी कापडे, दिव्याच्या काजळीने माखलेला कागद, स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियमचा कागद असे एकेक धरून पाहावे. निकालाचा अंदाज मुलांकडून आधी लिहून घ्यावा. काळ्या कापडांच्या बाबतीत बहुतेकांचा अंदाज चुकतो आणि दोन काळी कापडे वेगवेगळी वागली तर वर्गात वाद रंगतो. रिमोटचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यास पुष्कळदा जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्यात पाहावे.

ही चर्चा केवळ कापडापुरती राहिली असती तर बरे झाले असते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये एक छोटी चित्रफीत जगभर पाहिली गेली. गोऱ्या माणसाने हात धरला की भिंतीवरचे आपोआप साबण देणारे यंत्र साबण देते. कृष्णवर्णीय माणसाने त्याच जागी हात धरला की देत नाही. मग तोच माणूस हातावर पांढरा कागदी रुमाल ठेवतो आणि यंत्र निमूटपणे साबण देते. २०१५ मध्येही अमेरिकेतील अटलांटा येथील एका हॉटेलातली अशीच चित्रफीत गाजली होती. साबणाचे यंत्र आणि आपला नळ यांचे डोळे एकाच जातीचे आहेत.

यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एक, यंत्रच वर्णद्वेष्टे आहे. दुसरे, यंत्राला कसला आलाय वर्ण, हा भौतिकशास्त्राचा नाइलाज आहे. आम्हाला दोन्ही मते आळशीपणाची वाटतात. त्वचेतील मेलॅनिन दृश्य प्रकाश, विशेषतः निळा-हिरवा, पुष्कळ शोषते. पण तरंगलांबी वाढत जाते तसे त्याचे शोषण घटत जाते. ९०० नॅनोमीटरच्या आसपास गोऱ्या आणि काळ्या त्वचेच्या परावर्तनातील फरक डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा खूपच कमी उरतो. उरतो, पण थोडा. मग निसर्गाने एवढी सवलत दिलेली असताना यंत्र का फसावे? उंबरठा फार काठावर ठेवला असेल, तरंगलांबी दृश्य प्रकाशाच्या जवळची निवडली असेल, सेल उतरले असतील, काच मळली असेल. कारण यांपैकी कोणतेही असो, एक प्रश्न उरतोच. कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी हे यंत्र किती जणांच्या आणि कोणाकोणाच्या हातांवर तपासले होते? की फक्त पांढऱ्या पुठ्ठ्यावर? उंबरठा यंत्र ठरवत नाही, माणूस ठरवतो.

याच कुळातले आणखी एक उपकरण कोविडच्या काळात घरोघरी पोचले. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. तो लाल आणि अवरक्त असा दोन प्रकारचा प्रकाश बोटातून आरपार पाठवतो. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले, की रक्तातला प्राणवायू खरोखर कमी झालेला असताना ऑक्सिमीटर तो ठीक दाखवतो, असे कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा घडते. नळ चुकला तर हात कोरडे राहतात. ऑक्सिमीटर चुकला तर उपचार लांबतात.

दोन चुका

संवेदकाची कामगिरी चांगली की वाईट, असे एका शब्दात विचारणे चुकीचे आहे. त्याच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात. हात असून ओळखला नाही, ही एक. हात नसून ओळखला, ही दुसरी. उंबरठा खाली आणला तर पहिली चूक कमी होते आणि दुसरी वाढते. वर नेला तर उलट. दोन्ही एकदम कमी करायच्या तर उंबरठा सरकवून भागत नाही, मोजण्याची पद्धतच बदलावी लागते. त्या पद्धती आहेतही. एकीत परतलेला प्रकाश किती आहे हे न पाहता तो कोणत्या कोनातून आला हे पाहतात. जवळच्या वस्तूकडून येणारा किरण अधिक तिरका येतो, म्हणून त्रिकोणाच्या गणिताने अंतर निघते आणि वस्तू काळी की गोरी याने फारसे बिघडत नाही. दुसरीत प्रकाशाला जाऊन यायला लागलेला वेळच मोजतात. १० से.मी.वरच्या हाताकडे जाऊन परत यायला प्रकाशाला एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दोन तृतीयांश वेळ लागतो, आणि तो मोजणारी चकती आज बोटाच्या नखापेक्षा लहान मिळते. तेव्हा काठावरच्या उंबरठ्याला भौतिकशास्त्राचा नाइलाज म्हणता येत नाही. तो बहुधा किमतीचा प्रश्न असतो.

चुकीइतकाच महत्त्वाचा असतो उशीर. संवेदक थांबून थांबून लुकलुकतो. शिवाय समोरून जाणाऱ्या माशीने नळ उघडू नये म्हणून पुष्कळदा लागोपाठ दोन-तीन वेळा होकार मिळाल्यावरच झडप उघडते. यात अर्धा सेकंद सहज जातो. आपण तेवढ्यात हात हलवतो, हात झोताबाहेर जातो, मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. हात स्थिर धरणे हा इलाज असतो आणि हलवणे ही सहजप्रवृत्ती. साध्या नळाची गोष्ट वेगळी आहे. त्याची मूठ जेवढी फिरवावी तेवढे पाणी तत्काळ वाढते, जास्त झाले तर आपण मूठ मागे घेतो. हात, डोळा आणि नळ यांचे एक बोलणे चालू असते. संवेदकाच्या नळाने ते बोलणेच बंद पाडले आहे. 'दिसले, थांबा' एवढे सांगणारा एक लहान दिवा काही नळांवर असतो. बहुतेकांवर तोही नसतो. या परीक्षणातला आमचा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. नळ चुकतो याबद्दल तक्रार नाही. तो चुकला तर वापरणाऱ्याला दुरुस्त करता येत नाही, याबद्दल आहे.

पाणी वाचते का?

आता दुसरा दावा. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, टँपा शहरातील एका कार्यालयीन इमारतीत याची सरळ तपासणी झाली. तिचा अहवाल २०१० चा आहे. इमारत तीच, माणसे साधारण तीच. साध्या नळांच्या जागी संवेदकाचे नळ बसवले आणि बदलाआधीचे व नंतरचे पाणी मोजले. नळांचा वापर कमी होण्याऐवजी जवळजवळ एक तृतीयांशाने वाढला. शौचकूपांना बसवलेल्या संवेदकांनी तर त्याहून कडी केली, तिथला वापर निम्म्याहून अधिक वाढला.

असे का व्हावे? साध्या नळाने हात धुणारा माणूस पुष्कळदा नळ अर्धाच उघडतो. संवेदकाला अर्धे माहीत नाही, त्याची झडप पूर्ण उघडते किंवा पूर्ण मिटते. हात काढल्यावरही ती एक-दोन सेकंद उघडी राहते. मिनिटाला ६ लिटर पाणी सोडणारा नळ सेकंदाला १०० मिलिलिटर सोडतो. दर वेळी दीड सेकंद उशीर, दिवसात ४०० जणांचे हात, म्हणजे ६० लिटर पाणी केवळ उशिरापोटी. शिवाय कोणी नसताना उघडणाऱ्या नळाचा हिशेब वेगळाच.

एका इमारतीवरून सगळ्या जगाबद्दल बोलू नये, हे खरेच. त्या इमारतीतली माणसे नळ बंद करणारी होती, हेही लक्षात घ्यावे. जिथे नळ उघडा टाकून जाण्याची सवय आहे तिथे चित्र उलटे होऊ शकेल. तोच ६ लिटरचा नळ रात्रभर, ८ तास वाहिला तर २,८८० लिटर पाणी जाते. अशा एका रात्रीत ६० लिटरच्या ४८ दिवसांची भरपाई होते. तेव्हा 'संवेदकाने पाणी वाचते का' या प्रश्नाचे उत्तर संवेदकात नाही. आधी तिथे काय होत होते, यात ते आहे. जाहिरातीत बचतीची टक्केवारी दिसली की पहिला प्रश्न विचारावा : कशाच्या तुलनेत?

आणि जंतू?

पहिला दावा आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो सगळ्यांत बळकट वाटतो. घाणेरड्या हाताने उघडलेला नळ धुतलेल्या हाताने बंद करायचा, ही साध्या नळाची खरीच गोम आहे. पण रोगजंतू फक्त मुठीवर राहतात, असे आपण कशावरून धरले?

अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने संसर्ग टाळण्यासाठीच संवेदकाचे नळ बसवले होते. तिथल्या संशोधकांनी पाण्याचे नमुने तपासून २०११ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. संवेदकाच्या नळांच्या ५० टक्के नमुन्यांत लीजिओनेला हे जिवाणू वाढले. साध्या नळांच्या नमुन्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. क्लोरिन डायऑक्साइडने जलवाहिन्या धुऊन काढल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा तपासले, तेव्हाही २९ टक्के आणि ७ टक्के. लीजिओनेला पाण्यात वाढतात आणि पाण्याच्या सूक्ष्म तुषारांबरोबर श्वासातून फुप्फुसात जातात. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात एका मेळाव्याला जमलेल्या माजी सैनिकांमध्ये न्यूमोनियाची साथ आली, तेव्हा ते प्रथम ओळखले गेले. धडधाकट माणसाला त्यांचे भय कमी, पण रुग्णालयात दाखल असलेल्या अशक्त रुग्णाला अधिक. या अभ्यासात जिवाणू मोजले होते, आजारी पडलेली माणसे नव्हे, हेही नोंदवायला हवे. तरी रुग्णालयाने रुग्ण असलेल्या भागांतून हे नळ काढायला सुरुवात केली आणि नव्या इमारतींसाठी साधे नळ निवडले.

संशोधकांचा संशय झडपेवर होता. या नळाच्या पोटात रबराचा पडदा, बारीक छिद्रे आणि प्लॅस्टिकचे भाग यांची गर्दी असते. त्यांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरायला भरपूर जागा मिळते, आणि तो थर जंतुनाशकाला दाद देत नाही. त्यात कमी वाहणारे, आतल्या आत कोमट झालेले पाणी. लीजिओनेलाला साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. म्हणजे नळाबाहेरचा स्पर्श टाळण्यासाठी नळाच्या आत जी यंत्रणा घातली, तिनेच जंतूंना घर दिले.

२०२० नंतर या नळांची मागणी वाढली ती कोविडच्या धास्तीने. पण कोविडचा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये, दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी असल्याचे सांगितले. जुलाब, विषमज्वर, कावीळ यांच्या बाबतीत हात धुण्याचे महत्त्व आहे तेवढेच आहे. मात्र ते साबण लावून वीस सेकंद चोळण्यात आहे. आणि स्पर्शाविना हात धुऊन झाल्यावर आपण करतो काय? दाराची मूठ धरून बाहेर पडतो. मोठ्या विमानतळांवर स्वच्छतागृहांना दारच नसते, नागमोडी आडोसा असतो. त्या आडोशाला वीज लागत नाही, झडप लागत नाही. स्वच्छतागृहाच्या रचनेतला सगळ्यांत हुशार भाग आम्हाला तो वाटतो, आणि त्याची जाहिरात कोणी करत नाही.

मग हा नळ टाकाऊ का?

नाही. सांधेदुखीने बोटे आखडलेल्या वृद्धेला, एका हाताने काम चालवणाऱ्याला, पिरगळायचा नळ म्हणजे रोजची शिक्षा असते. अमेरिकेतील अपंगांसाठीच्या नियमांत नळ एका हाताने, घट्ट पकड न घेता चालवता यावा अशी अट आहे. संवेदकाचा नळ ती पुरी करतो. तिसऱ्या दाव्यात तथ्य आहे, फक्त वर सांगितलेल्या लहान मुलाने आणि कृष्णवर्णीय माणसाने त्यातल्या 'सर्वांना' या शब्दापुढे प्रश्नचिन्ह लावले आहे.

पण हात न लावता, किंवा बोटे न वळवता, पाणी मिळवण्याचा हा एकच मार्ग आहे असे मात्र नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर कोपराने ढकलायचा लांब दांड्याचा नळ कितीतरी वर्षे आहे. २०२० मध्ये आपल्याकडे ठिकठिकाणी पायाने दाबायच्या पट्टीचे नळ तयार झाले, त्यांतले काही गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात. आफ्रिकेत झिंबाब्वेमध्ये रुजलेला 'टिप्पी टॅप' तर याहून साधा. काठीवर टांगलेला पाण्याचा डबा, डब्याला दोरी, दोरीला जमिनीलगत दुसरी काठी. पायाने काठी दाबली की डबा कलतो. या सगळ्यांत एक समान धागा आहे : पाणी किती आणि केव्हा, हे वापरणाऱ्याच्या ताब्यात राहते. आपोआप बंद होणारे नळही सगळेच चांगले नसतात म्हणा. आपल्या रेल्वेच्या डब्यातला दाबून धरायचा नळ आठवावा. पाणी वाचवण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही, पण एका हाताने तो दाबून दुसरा एकटा हात धुवायचा कसा, हे त्याच्या कर्त्याने एकदा करून दाखवावे.

आपल्याकडच्या इमारतींपुरती एक अडचण आणखी आहे. संवेदकाच्या झडपेत सेल फक्त एक लहानशी दांडी हलवतात. मुख्य पडदा उघडण्या-मिटण्याचे काम पाण्याचा दाबच करतो. त्यासाठी साधारण अर्धा बार दाब लागतो, म्हणजे सुमारे ५ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. गच्चीवरच्या टाकीखालीच असलेल्या मजल्यावर ही उंची दोन-तीन मीटरच भरते. तिथे पडदा नीट बसत नाही आणि नळ ठिबकत राहतो. त्यात बोअरचे जड पाणी असेल तर क्षार पडद्यावरही साचतात आणि संवेदकाच्या काचेवरही. साध्या नळाचा वॉशर गावातला प्लंबर दहा मिनिटांत बदलतो. याचे तसे नसते.

ज्यांच्या शाळेत किंवा शाळेजवळच्या एखाद्या इमारतीत असा नळ आहे, त्यांनी विद्यार्थ्यांकडून त्याची परीक्षा घ्यावी. लहान-मोठे, सावळे-गोरे, ओले-कोरडे, बाही खाली-बाही वर, असे निरनिराळे हात. प्रत्येकाने हात स्थिर धरून दहा वेळा प्रयत्न करायचा. किती वेळा पाणी आले, किती उशिरा आले, आणि हात नसताना पंधरा मिनिटांत नळ किती वेळा उघडला, हे तक्त्यात भरायचे. परीक्षा होईल तेव्हा खाली बादली ठेवावी, पाणी झाडांना घालता येईल.

इथे एक सावधगिरी. दहापैकी दहा वेळा पाणी आले म्हणून नळ कधीच चुकत नाही असे म्हणता येत नाही. समजा नळ दर चार प्रयत्नांत सरासरी एकदा चुकणारा आहे. तरी तो लागोपाठ दहा वेळा बरोबर येण्याची शक्यता ०.७५ चा दहावा घात, म्हणजे सुमारे साडेपाच टक्के उरते. तीस जणांच्या वर्गात असा एखादा दहापैकी दहाचा तक्ता निव्वळ योगायोगानेही निघेल. सगळ्यांचे तक्ते एकत्र केले की कोणत्या हातांना नळ वारंवार नाकारतो ते दिसू लागेल. तो तक्ता इमारतीच्या व्यवस्थापकांना दाखवावा. पुष्कळ नळांत उंबरठा बदलण्याची सोय दिलेली असते. एका लहान पेचकसाचे किंवा दोन बटणांचे काम असते ते, आणि नळ बसवल्यापासून त्याला बहुधा कोणी हात लावलेला नसतो.